ट्रायल रूममधली ती ट्यूबलाइट

दोन महिन्यांपूर्वी मॉलमध्ये शॉर्ट्स ट्राय करत होते. ट्रायल रूममध्ये डोक्यावर झगझगीत ट्यूबलाइट, तिन्ही बाजूंना आरसे. सहज मागे वळून पाहिलं आणि धस्स झालं. मांड्यांवर मागच्या बाजूला खळगेच खळगे! थेट संत्र्याची साल. शॉर्ट्स तिथेच हँगरवर राहिल्या आणि स्विमिंग बॅचचा फॉर्म माझ्या पर्समध्ये.

मग काय, आमची पत्रकारिता कामाला लावली. सेल्युलाइट हा आजार नाही. वयात आलेल्या बहुतेक सगळ्या बायकांना ते कमी-जास्त असतंच, सडपातळ मुलींनाही. त्वचेखालच्या चरबीतून चिवट तंतू गेलेले असतात. बायकांमध्ये ते साधारण उभे असतात. ते त्वचेला खाली खेचून धरतात आणि मधली चरबी वर फुगते. टाके घातलेली गादी दिसते ना, तस्संच. पुरुषांचे तंतू तिरपे, जाळीसारखे, म्हणून ते सुटले. (तक्रार करायची कोणाकडे?) आणि गंमत बघा, अमेरिकेत हा शब्द गाजला तो १९६८ मध्ये 'व्होग'ने छापल्यावर. त्याआधी तिला नुसतीच मांडी म्हणत असतील!

आता व्यायाम. 'या व्यायामाने फक्त मांडीची चरबी जळते' असं कोणी सांगितलं, तर सरळ सोडून द्या. चरबी कुठून कमी करायची ते शरीर ठरवतं, आपण नाही. ते तंतूही व्यायामाने तुटत नाहीत. मग होतं काय? खालचा स्नायू भरतो, त्यामुळे वरचा भाग घट्ट दिसतो आणि खळगे कमी जाणवतात. कमी हं, गायब नाही!

मी आठवड्यातून तीन दिवस करते, एक दिवसाआड. बैठका (मागे खुर्ची आहे असं समजून, टाचा जमिनीवर), लंजेस, जिन्याच्या पायरीवर स्टेप-अप आणि सेतुबंधासन. यात कंबर वर गेली की नितंब आवळून दोन सेकंद थांबायचं. प्रत्येकाचे १०-१२ चे तीन सेट. शेवटचे दोन जड गेलेच पाहिजेत. सोपं वाटलं तर दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि क्रॅश डाएट प्लीज नको. वजन भराभर उतरलं की त्वचा सैल पडते आणि खळगे उलट जास्तच दिसतात.

माझे आठ आठवडे झाले. खळगे? आहेत की! ट्यूबलाइटखाली तर अगदी व्यवस्थित आहेत. पण पाय घट्ट झालेत, आणि एका एडिटरच्या लिफ्ट नसलेल्या ऑफिसचे चार मजले आता धाप न लागता चढते.

फॉर्मही भरला शेवटी. पहिल्या दिवशी चेंजिंग रूममध्ये आम्ही अकराजणी, विशीपासून साठीपर्यंतच्या. मी टॉवेल गच्च गुंडाळून कोपऱ्यात. जरा वेळाने हळूच इकडेतिकडे पाहिलं, तर जवळजवळ सगळ्यांकडे तीच संत्र्याची साल! माझ्याकडे मात्र कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. सगळ्यांची आपली टोपी आणि गॉगल शोधायची घाई. माझा गॉगल घरीच राहिला होता.