आधी निदान, मग दुरुस्ती

हैदराबादेत बोअरवेलच्या पाण्यावर संसार करणाऱ्यांना नळावर साचणारा पांढरा थर परिचित आहे. नळाला कृष्णा-मंजिराचे पाणी येते खरे, परंतु उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि संपमध्ये बोअरचे पाणी सोडावेच लागते. या जाचातून सुटण्यासाठी सहा वर्षांपूर्वी आम्ही घरी वॉटर सॉफ्टनर बसविला. गेल्या उन्हाळ्यात गीझरची कॉइल जळाली, साबणाला फेस येईना, तेव्हा यंत्र बिघडल्याचे ध्यानात आले.

कंपनीचा माणूस आला. पाच मिनिटे यंत्राभोवती फिरला आणि रेझिन संपले आहे, संपूर्ण बदलावे लागेल, असे सांगून चौदा हजारांचे अंदाजपत्रक ठेवून गेला. पाण्याचा एक थेंबही त्याने तपासला नाही. पुढे शेजारच्या वसाहतीतील एका फिटरला बोलाविले. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "साब, नमक कम हो रा क्या?" मी टाकीचे झाकण उघडून पाहिले. दोन महिन्यांपूर्वी भरलेले मीठ जसेच्या तसे!

रेझिनचे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की यंत्र मिठाचे पाणी खेचून त्यांना पुन्हा ताजे करते. हे पाणी खेचणाऱ्या छोट्या इंजेक्टरच्या छिद्रात गाळ अडकला होता. फिटरने तो काढून धुतला, पुन्हा बसविला. थेंबांच्या बाटलीने पाणी तपासले. लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे, कॉलेजातील टायट्रेशनच ते. आधी लिटरला ४८० मिलिग्रॅम असलेली कठिणता दुसऱ्या दिवशी पन्नासच्या आत आली. (भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकार्य मर्यादा २०० आहे.) मजुरी सहाशे रुपये.

रेझिन कधीच खराब होत नाही, असे माझे म्हणणे नाही. पाण्यातील लोह आणि क्लोरीन त्याचे आयुष्य घटवितात. परंतु तपासणीवाचून ते बदलायला सांगणे ही दुरुस्ती नव्हे. ते अंदाजपत्रक हाती धरून बसलो असता मला माझ्याच चिठ्ठ्या आठवल्या. रुग्णाला दोन प्रश्न अधिक विचारण्याऐवजी आपण किती वेळा थेट तपासण्यांची यादी लिहितो? समोरचा माणूस त्या क्षणी माझ्याइतकाच अडाणी आणि अगतिक असतो.

ग्राहक म्हणून मात्र आपण काही आग्रह धरू शकतो. यंत्रात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या, दोन्ही पाण्यांची तपासणी आपल्यासमोर व्हावी. बदललेला भाग परत मिळावा. खर्च आधी लेखी कळावा. वार्षिक करार करताना त्यात इंजेक्टरची सफाई येते का, हेही विचारावे. जाता जाता एक वैद्यकीय सूचना : इतक्या कठीण पाण्यातून लिटरमागे सुमारे २२० मिलिग्रॅम सोडियम वाढते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाच्या घरी पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्यावा.

आपल्या मंडळाच्या सूचीत सर्व शाखांचे तज्ज्ञ आहेत. तिच्या शेवटच्या पानावर विश्वासू फिटर, इलेक्ट्रिशियन यांनाही जागा द्यावी, असे मी सचिवांना सुचविले आहे. माझ्या फिटरचा क्रमांक, त्याच्या संमतीने, त्यांच्याकडे दिलेला आहे.