आजोबांची जीप आणि जपणुकीचा प्रश्न

आमच्या खळ्याच्या कडेला माडाखाली एक जीप उभी असते. महिंद्रा कंपनीची सीजे-३बी, १९६८ च्या बनावटीची. नारळांच्या राशी, काजूची पोती, चतुर्थीचा गणपती, नवरा-नवरी आणि एका तुफान पावसाच्या रात्री शेजारची अडलेली बाळंतीण, एवढ्या साऱ्यांना तिने वाहून नेले आहे. आजोबा गेले आणि गेल्या मे महिन्यात या जीपवरून आमच्या घरात चक्क दोन तट पडले.

गोव्याच्या एका हॉटेलवाल्याने ती मागितली. 'झकास रंग मारून फाटकाशी उभी करतो, गिऱ्हाईक फोटो काढील,' असे त्याचे म्हणणे. धाकट्या काकांना ते पटले. थोरल्या काकांचे मत निराळे. जुना पत्रा काढून टाकावा, सारे भाग नवे घालावेत आणि गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवावी. मला यांतले एकही पटले नाही. का पटले नाही, तेच येथे मांडायचे आहे.

जीप ही मुळात शोभेची वस्तूच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती घडवली गेली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या त्या काळात बनवल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगाव येथे विलीजचे सुटे भाग जुळवून जीप तयार करायला सुरुवात केली. सीजे-३बी हे मॉडेल १९५३ चे. तिच्या नव्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. त्या उंच कपाळावरूनच ती आजही दुरून ओळखू येते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे मात्र ते पुढेही बनत राहिले. डांबर नसलेल्या वाटा, कातळ, चिखल आणि घाट यांना दुसरे कोण पुरे पडणार होते?

आता तिचे भाग मिळत नाहीत, ही खरी अडचण. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात, दिल्लीच्या मायापुरीत, नाहीतर सैन्याच्या जुन्या गाड्यांवर नव्या जीप उभ्या करणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीत शोधावे लागते. तिचे नट-बोल्ट इंची मापाचे. मिलिमीटरचा पाना त्यांवर नीट बसत नाही, आणि बळेच बसवला तर नटाचे कोपरे गोल होतात. आमच्या जीपच्या ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या पेटीतून, सारखे तेल गळायचे. आतला शाफ्ट झिजला होता. एका शहरातल्या दुकानातून नवाकोरा शाफ्ट आणला, तो एका पावसाळ्यात संपला. शेवटी आमच्या मेस्त्रींनी जुन्या शाफ्टचे माप घेऊन लेथवर नवा ओढून घेतला, त्याला पाणी दिले आणि स्वतःच्या हाताने बसवला. तेव्हापासून गळती थांबली आहे.

मेस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते दुखणे ओळखतात. मी एकदा त्यांच्यापाशी सुट्या भागांची तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "पार्ट खंय तरी गावतलो गो बाय. पण तो बसवतलो हात खंय गावतलो?"

या एका वाक्याने माझे डोळे उघडले. आपण दुर्मिळ म्हणतो ते लोखंडाला. खरे दुर्मिळ आहे ते त्या लोखंडाचे ज्ञान. जीप हॉटेलच्या फाटकाशी गेली की तिला मेस्त्री लागणार नाही. मेस्त्री लागला नाही की त्याच्या हाताखाली पोरगा तयार होणार नाही. मग दहा वर्षांनी कुणाला ती चालू करावीशी वाटली तरी कोण करणार?

थोरल्या काकांच्या विंटेज नोंदणीचेही तसेच. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन आणि देखभाल यांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मान मिळेल, पण काम सुटेल! शिवाय सारा पत्रा नवा घातल्यावर आजोबांची म्हणून उरणार ती काय?

कुणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, पेट्रोल पितात, त्यांचे ब्रेक भरवशाचे नसतात. हे खरे आहे. म्हणून ती रोज धावावी असे मी म्हणत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे यांत हयगय नकोच. तेथे नवे घालावे. पण पत्र्यावरचे ठिगळ, लेथवरचा शाफ्ट, आजोबांनी बसवलेली फळीची बैठक राहू द्यावी. काढलेला भाग फेकू नये, चिठ्ठी बांधून ठेवावा. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी आणि महिन्यातून चार वेळा तरी तिने ओझे वाहावे.

याला आपल्याच मुलखातला दाखला आहे. सावंतवाडीची गंजिफा लोपत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशिलादेवी यांनी १९७० च्या दशकात जुन्या चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा काम सुरू केले. नुसते जुने पत्ते कपाटात जपले असते तर पत्ते उरले असते, गंजिफा उरली नसती.

मित्रमैत्रिणींनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. पाना धरणे हा आपला प्रांत नव्हे, असे आपण मानतो. पण ऐकणे आणि लिहून ठेवणे हा तर आपलाच प्रांत ना? आपल्या प्रत्येकाच्या वाडीत असा एखादा मेस्त्री, सुतार किंवा लोहार आहे. सुट्टीत एक वही घेऊन त्याच्यापाशी बसूया.

जीपचा निर्णय घरात अजून लागलेला नाही. हॉटेलवाला दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. मी मात्र रविवारी मेस्त्रींकडे जाते. वहीची अकरा पाने भरली आहेत आणि किंगपिनचे बेअरिंग काढायला मी शिकले आहे.