डबा नंतर, आधी कडा

आलापल्लीच्या सागवानाचे नाव सर्वदूर आहे. पण शेजारच्या एटापल्लीत घरापुढे मोठा लाकडी डेक घालायचा म्हटले, की सागवानाचा भाव ऐकून माणूस प्लायवूडकडे वळतो. मग दुकानात पहिला प्रश्न असतो : टिकाऊ वॉटरप्रूफ रंग कोणता? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. या डेकवर कोण बसणार आणि काय वाळत घालणार?

तिथे मुले रांगतात, उन्हाळ्यात मोहफुले वाळतात. म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल फासण्याचा स्वस्त उपाय नकोच. त्यात जड धातू आणि कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बन रसायने असतात. यंत्रांसाठीचा 'मजबूत' एनॅमलही टाळावा. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवली; औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता टिकाऊपणा. प्लायवूड आयएस ७१० दर्जाचे घ्यावे. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो. पण लाकूड पाणी पितेच, आणि ते पिते कडांतून व स्क्रूच्या भोकांतून. वरून तीन हात दिले आणि कडा कोऱ्या राहिल्या, तर सप्टेंबरपर्यंत थर सुटू लागतात. म्हणून कापलेल्या कडा आणि भोके एपॉक्सीने आधी बंद करावीत, फळ्यांमधली फट लवचिक सीलंटने भरावी. एपॉक्सी उन्हात पांढरी पडते, तिच्यावर उन्हाला टिकणारे पॉलियुरेथेन हवे. इथला पारा ४५ अंशांवर जातो. लाकूड हलते तसा ताठ थर तडकतो.

डेकला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्यावा आणि खालून हवा खेळती ठेवावी. साचलेले पाणी लाकूड कुजवते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना जागाही देते.

हे काम पावसाच्या तोंडावर घाईने नको. एप्रिल-मेमध्ये, लाकूड पूर्ण सुकलेले असताना, सकाळी किंवा संध्याकाळी करावे; भर दुपारी रंगाला फोड येतात. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. रंगाऱ्याला हातमोजे आणि योग्य मास्क द्यावा, साधा रुमाल पुरत नाही. मुलांना आठवडाभर दूर ठेवावे. रंग पक्का झाल्यावरही मोहफुले थेट त्यावर न टाकता खाली बांबूची तट्टी घालावी.

उरलेला प्रश्न पैशाचा. महागडा डबा घेऊन कडा उघड्या ठेवण्यापेक्षा, साधा पण नियमांत बसणारा घरगुती रंग घेऊन कडा नीट बंद करणे मला शहाणपणाचे वाटते. तो लवकर झिजेल हे खरे. दरवर्षी पावसाआधी एक हात द्यावा लागेल. पण त्यावर बसणाऱ्या लेकराच्या पोटात शिसे जाणार नाही, ही काळजी तरी मिटेल.