पेटीवरचे ल्यूमेन आणि भिंतीवरचा उजेड



मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. प्रकाश पसरला की विरळ होतो, हा नियम गेल्या वीस वर्षांत मी फळ्यावर किती वेळा मांडला असेल, याची गणती नाही. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत घरी प्रोजेक्टर घेताना मी काय केले? पेटीवर ठळक अक्षरांत छापलेले ‘९,००० ल्यूमेन’ वाचले आणि पैसे मोजून मोकळा झालो. ही चूक सांगण्यास मला संकोच वाटतो. पण ती सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

माझ्या आईचे गुडघे आता चित्रपटगृहाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. घरच्या भिंतीवर मोठे चित्र दिसले तर तिला ‘श्यामची आई’ पुन्हा पाहता येईल, एवढाच हेतू होता. प्रोजेक्टर हातात मावेल एवढा. त्याच्या आत बॅटरी, ध्वनिवर्धक आणि इंटरनेटवरून चित्रपट आणण्याची सोय असल्याने तो ‘स्मार्ट’. आम्ही भिंतीवर शंभर इंची चित्र पाडले. आईला अंधारात चालताना पडण्याची भीती वाटते, म्हणून ट्यूबलाइट चालूच ठेवली. पाच मिनिटांनी आई म्हणाली, “अरे, सगळी माणसं धुक्यात उभी राहिल्यासारखी दिसतायत.”

दोष कोणाचा? यंत्राचा, भिंतीचा, की आईच्या डोळ्यांचा? दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून लक्समापक घरी आणला. जे खरेदीपूर्वी करावयास हवे होते, ते खरेदीनंतर केले.

प्रथम दोन एकके समजून घेऊ. दिव्यातून बाहेर पडणारा, आपल्या डोळ्यांना जाणवणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला, तर त्या जागेवर एक लक्स उजेड पडतो. नळातून येणारे पाणी म्हणजे ल्यूमेन आणि अंगणात साचलेल्या पाण्याची खोली म्हणजे लक्स, असे समजा. पाणी तेवढेच आणि अंगण मोठे, तर खोली कमी.

प्रोजेक्टरचे ल्यूमेन मोजण्याची एक पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९२ मध्ये ठरवून दिली. पूर्ण पांढरे चित्र पाडावयाचे, त्याचे नऊ समान भाग कल्पावयाचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्स मोजावयाचे, नऊ आकड्यांची सरासरी काढावयाची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणावयाचे. याला ‘अ‍ॅन्सी ल्यूमेन’ म्हणतात. ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय मानकातील पद्धतही याच धर्तीची आहे.

येथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १६:९ या प्रमाणातील साठ इंची चित्राची रुंदी सुमारे १.३३ मीटर आणि उंची ०.७५ मीटर असते. गुणाकार करून पाहा. क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर येते! म्हणजे साठ इंची चित्रावरील लक्सची सरासरी हाच प्रोजेक्टरचा ल्यूमेनचा आकडा. वेगळा गुणाकार नको. मी खोलीत पूर्ण अंधार करून मोजले. मध्यभागी २२५, एका कोपऱ्यात १३०, आणि नऊ ठिकाणांची सरासरी १८०.

पेटीवर ९,००० आणि भिंतीवर १८०. पन्नासावा हिस्सा!

मग पेटीवरचा आकडा आला कोठून? कोणी यंत्राच्या आतील दिव्याचा आकडा छापतो. पण तो सगळा प्रकाश भिंग ओलांडून बाहेर येत नसतो. कोणी मोजण्याची पद्धतच सांगत नाही. माझे स्पष्ट मत असे की, मोजण्याची पद्धत न सांगता दिलेला आकडा हा आकडाच नव्हे. ती एक शोभेची नक्षी आहे. भाजीवाल्याच्या वजनावर वैध मापन खात्याचा शिक्का लागतो. मग हजारो रुपयांच्या यंत्राच्या ल्यूमेनवर कोणत्या पद्धतीने मोजले एवढे तरी छापलेले का नसावे? दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, हे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सांगितलेले आहे. परंतु कायद्याचा उपयोग व्हावयाचा तर ग्राहकाला मोजता आले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. १८० ल्यूमेन म्हणजे यंत्र अगदीच टाकाऊ का? मुळीच नाही. डिजिटल चित्रपटगृहातील पडद्याच्या चकाकीचे प्रमाण दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला असे ठरलेले आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर यासाठी सुमारे १५० लक्स उजेड लागतो. साठ इंची चित्रावर माझे यंत्र १८० लक्स देते. पांढरी भिंत त्यातील काही प्रकाश शोषून घेते हे धरले, तरी आपण चित्रपटगृहाच्या जवळपास पोहोचतो. शंभर इंची चित्राचे क्षेत्रफळ मात्र २.७६ चौरस मीटर. १८० ला २.७६ ने भागा: केवळ ६५ लक्स. पहिल्या रात्री मोठ्या चित्राचा मोह हीच माझी पहिली चूक होती.

दुसरी चूक याहून मोठी होती. प्रोजेक्टर भिंतीवर पांढरा रंग पाडू शकतो, तांबडा पाडू शकतो. पण काळा पाडू शकतो का? विचार करा. काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि अभाव काही भिंगातून फेकता येत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे ज्यावर प्रोजेक्टरने प्रकाश टाकला नाही ती भिंत. भिंतीवर आधीच जेवढा उजेड असेल, त्याहून काळे काहीही दिसणार नाही.

आमच्या ट्यूबलाइटचा भिंतीवर ६० लक्स उजेड पडत होता. शंभर इंची चित्रात पांढऱ्या जागी ६५ अधिक ६० म्हणजे १२५ लक्स, काळ्या जागी ६० लक्स. पांढरे काळ्याच्या जेमतेम दुप्पट! हेच आईचे ‘धुके’. ‘श्यामची आई’ १९५३ सालचा, म्हणजे कृष्णधवल चित्रपट. त्यात सगळा खेळ काळ्यापांढऱ्याच्या फरकावर. शिवाय जुन्या चित्रपटाची चौकट अरुंद असल्याने आजच्या रुंद चित्रात दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. कोणताही प्रोजेक्टर तपासताना या पट्ट्यांकडे पाहा. त्या राखाडी दिसल्या, तर तेवढाच राखाडीपणा सगळ्या चित्रात मिसळला आहे असे समजा.

मग मी चित्र साठ इंचांवर आणले, ट्यूबलाइट बंद केली आणि आईच्या खुर्चीमागे, जमिनीलगत, भिंतीकडे पाठ करून एक लहान दिवा ठेवला. तिला वाट दिसेल, पण उजेड भिंतीवर जाणार नाही असा. आता काळ्या भागावर ३ लक्स आणि पांढऱ्यावर १८० च्या वर. गुणोत्तर दोनावरून साठावर गेले! यंत्र तेच, भिंत तीच, खर्च शून्य.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. पुढे गावोगाव फिरणारे तंबूतले सिनेमे दिवस मावळल्यावरच सुरू होत. त्यांचे अर्धे भांडवल अंधार हे होते.

पेटीवरचे बाकीचे शब्दही असेच तपासावेत. ‘४के चालते’ याचा अर्थ यंत्र ४के चित्र स्वीकारते एवढाच. ते तितके बिंदू भिंतीवर पाडतेच असे नाही. ४के म्हणजे ३८४० × २१६० बिंदू. यंत्राचे मूळ बिंदू किती, हे विचारा. संगणकावर १९२० × १०८० बिंदूंचे चित्र तयार करून त्यात एकेका बिंदूच्या रुंदीच्या काळ्यापांढऱ्या उभ्या रेषा काढा. यंत्राचे मूळ बिंदू तेवढेच असतील, तर रेषा भिंतीजवळ जाऊन पाहता सुट्या दिसतील; कमी असतील, तर त्यांचा राखाडी काला होईल. पण बिंदू हवेत तरी किती? निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखतो. अडीच मीटरवरून हा कोन ०.७३ मिलिमीटरचा होतो. साठ इंची चित्रात १९२० बिंदू असतील, तर एकेक बिंदू ०.६९ मिलिमीटरचा. म्हणजे एवढ्या चित्राला १९२० × १०८० पुरेसे आहेत. अधिक बिंदूंचे पैसे देऊन तेथून डोळ्यांना फारसे काही दिसणार नाही.

प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र आपोआप चौकोनी करून घेण्याची सोय असते. ती सोयीची खरी, पण त्यात कडेचे बिंदू वाया जातात; शक्यतो यंत्र भिंतीसमोर सरळ ठेवावे. बॅटरीचे गणितही करून पाहा. ६० वॅट-तासांची बॅटरी आणि ३० वॅटचे यंत्र, म्हणजे दोन तास. आणि आपले चित्रपट अडीच तासांचे! राहिला ‘स्मार्ट’पणा. काही चित्रपट-सेवा प्रमाणित नसलेल्या यंत्राला कमी प्रतीचे चित्र पाठवितात, तेव्हा दुकानात प्रत्यक्ष लावून पाहावे. भिंग दहा वर्षे टिकेल. आतील प्रणाली त्याच्या आधीच जुनी होईल. म्हणून आधी प्रकाश, मग भिंग, शेवटी स्मार्टपणा, हा माझा क्रम. दिवा लावूनच चित्रपट पाहावयाचा असेल, तर सरळ दूरचित्रवाणी संच घ्यावा. त्याचा काळा रंग खोलीतल्या उजेडाने इतका मळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत प्रोजेक्टर असेल, तर ही मोजणी एका तासिकेत होते. लक्समापक नसल्यास बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये प्रकाशाचा संवेदक असतो व त्याचे आकडे दाखविणारी अ‍ॅप विनामूल्य मिळतात. ते आकडे अगदी काटेकोर नसतात, परंतु पांढऱ्याकाळ्याचे गुणोत्तर काढण्यास उपयोगी पडतात. मोबाइल भिंतीला टेकवून त्याचे तोंड प्रोजेक्टरकडे करा. मोजणाऱ्याने झोतात डोळा मात्र घालू नये.

आईने ‘श्यामची आई’ शेवटपर्यंत पाहिला. मध्येच उठून पाणी पिऊन आली, तेव्हा खुर्चीमागचा दिवा उपयोगी पडला.

आता आपली पाळी. साठ इंची चित्र पाडा, नऊ आकडे वहीत लिहा, सरासरी काढा आणि तिच्याशेजारी पेटीवरचा आकडा लिहा. नवीन यंत्र घ्यावयाचे असेल, तर ती वही घेऊनच दुकानात जा.