दम आणि घड्याळ

ऊसतोडीवर गेलेली माणसं जूनपर्यंत गावात परतलेली असतात. पेरणीजोगा पाऊस झालेला नसतो, म्हणून संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात बैठक जमते आणि टीव्ही चालू असतो. 2025च्या जूनमध्ये गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात मी असाच एकदा बसलो होतो. मुंबईत रग्बी प्रीमियर लीग सुरू होती, तिचा सामना पडद्यावर लागला होता. लांबोडका चेंडू काखेत मारून एक गडी सुसाट निघाला, मागच्यानं झेप टाकून त्याच्या कमरेला मिठी घातली, आणि पडता पडता पहिल्यानं हात लांबवून चेंडू रेषेपलीकडच्या जमिनीला टेकवला.

"ह्याला फुटबॉल कशाला म्हणायलेत? हातानंच तर पळवायलेत," मोबाइलवर 'रग्बी फुटबॉल' असं वाचलेला एक पोरगा म्हणाला. दुसरा म्हणाला, फुटबॉल म्हणजे मेस्सीचा, बाकी सगळं उगीच. तिसऱ्याला अमेरिकेतला फुटबॉल आठवला, हेल्मेट घालून धडका देणाऱ्यांचा. कोपऱ्यातले सत्तरीचे आबा मात्र पडद्यावरची नजर न काढता बोलले, "हात टेकला की रं रेषेला. आला त्यो. आपलं हुतुतूच हाय हे."

आबांना जे एका नजरेत दिसलं ते सगळ्या वादाच्या मुळाशी जाणारं होतं. पकडीत सापडलेला चढाईपटू अंगावर चारजण असताना मध्यरेषेकडे बोटं ताणतो, तसाच हा गडी ताणत होता. शिवाय मुंबईतले ते सामने 'सेव्हन्स'चे, म्हणजे एका बाजूला सातच गडी. कबड्डीलाही सातच. पोरं भांडत होती खरा फुटबॉल कोणता यावर. आबा बघत होते माणसाला काय करू दिलंय आणि काय नाही, याकडे. खेळांची तुलना करायचीच तर ती आबांच्या जागेवरून करावी, असं मला मनापासून वाटतं.

फुटबॉलचं हे भाऊबंदकीचं प्रकरण 1863च्या लंडनमध्ये सुरू झालं. इंग्लंडातली प्रत्येक मोठी शाळा आपापल्या नियमांनी चेंडू खेळे, त्यामुळे दोन शाळांची मुलं समोरासमोर आली की निम्मा वेळ वादात जाई. 26 ऑक्टोबरला फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खाणावळीत क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. पुढच्या बैठकांत दोन प्रश्नांवर घोडं अडलं. चेंडू हातात घेऊन पळायचं का? आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची का? ब्लॅकहीथ क्लबचं म्हणणं असं की लाथ काढली तर खेळातली मर्दानगी जाईल. दोन्ही गोष्टी वगळायचं ठरलं तेव्हा डिसेंबरात ब्लॅकहीथ बाहेर पडला. त्याच वळणाच्या क्लबांनी 1871 साली रग्बी फुटबॉल युनियन काढली. 'सॉकर' हा शब्द 'असोसिएशन' या शब्दाचंच विद्यार्थ्यांनी केलेलं लाडकं रूप आहे, म्हणजे तोही इंग्लंडचाच. तेव्हा हाताने खेळणारे फुटबॉल हे नाव चोरून बसलेले नाहीत. ते त्याच घरातून वाटणी घेऊन निघाले.

पण तलवाड्यातल्या माणसाला जवळची वाटावी अशी वाटणी त्याहून पुढची आहे. रग्बीत उत्तर इंग्लंडचे खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळू लागले. सामना शनिवारी, आणि शनिवारी कामही असे. सामन्याला जायचं तर खाडा पडायचा आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबानं द्यावी, एवढीच मागणी होती. लंडनच्या मंडळींनी 1893 साली ती फेटाळली, खेळ हा पैशासाठी नसतो म्हणून. ज्यांच्या घरात शनिवारच्या मजुरीशिवाय चूल पेटत होती, त्यांना हे म्हणणं सोपं होतं. 29 ऑगस्ट 1895 रोजी यॉर्कशर आणि लँकशरच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली, आणि खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यायला मोकळीक दिली. तीच पुढे रग्बी लीग झाली. वेगळं झाल्यावर त्यांनी खेळही बदलला, 1906 साली पंधराचे तेरा गडी केले, मैदान मोकळं झालं, पळायला वाव आला. ज्या युनियनमधून ते बाहेर पडले तिच्या रग्बीत पगारी खेळ मान्य झाला तो 1995 साली, बरोबर 100 वर्षांनी.

खाडा म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयत्याचा दिवस बुडाला की हिशेबात दंड लागतो. आजारपणाचा खाडा परवडत नाही तिथे खेळाचा कुठला? आमच्या भागातले किती चांगले चढाईपटू दिवाळीनंतर टोळीबरोबर निघून गेले आणि जिल्ह्याच्या संघात कधी आलेच नाहीत, याची नोंद कुठल्याही संघटनेच्या दप्तरात सापडणार नाही. हडर्सफील्डची गोष्ट म्हणूनच मला परकी वाटत नाही. एखादा खेळ कोणाचा होणार, हे पुष्कळदा नियमांच्या पुस्तकाआधी मजुरीच्या वहीत ठरतं.

बाकीच्या शाखांची कथा थोडक्यात सांगता येते. मेलबर्नमध्ये 1859 साली लिहिलेल्या नियमांतून ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल निघाला. क्रिकेटपटू हिवाळ्यात सुस्तावू नयेत, हा त्यामागचा एक विचार. आयर्लंडमध्ये 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन उभी राहिली, आणि इंग्रजांचे खेळ खेळणाऱ्याला तिनं 1971पर्यंत आपल्यात जागा दिली नाही. अमेरिकेत मैदानावर इतकी मुलं मरत होती की 1905 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलवावं लागलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि आज टीव्हीवर दिसतो तो अमेरिकी खेळ त्या एका परवानगीतून वाढला.

आता आबांच्या हुतुतूकडे येऊ, कारण हीच कथा आपल्याकडेही घडली आहे. हॉटेलातल्या पोरांना कबड्डी एकच ठाऊक आहे, टीव्हीवरची. आबांच्या पिढीला निदान तीन ठाऊक होत्या. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो. गामिनीत मेलेला उठत नाही. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्यानं बाहेर बसायचं, आणि शेवटी उरलेल्या एकट्यावर सगळा भार येतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही. शिवला की गुण, आणि शिवलेला गडी मैदानातच. मेलेल्याचं काय करायचं, या एका प्रश्नाची ही तीन उत्तरं. लंडनमध्ये हातावरून आणि लाथेवरून फाटलं, आपल्याकडे मरण आणि उठणं यावरून. लहानपणी मी गामिनी खेळलो आहे. आपल्या बाजूचे सगळे रेषेबाहेर उकिडवे बसलेत, बोलायचीही चोरी, आणि आत आपण एकटे. पायाखालची ढेकळं तेवढी जाणवत राहतात. संजीवनीत तो एकटेपणा फार टिकत नाही, एक गुण मिळाला की सोबतीला कोणीतरी उठून येतंच.

नियम लिहिण्याचं काम गेल्या शतकाच्या सुरुवातीला झालं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 साली खो-खोचे नियम बांधले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं 1923 साली हुतुतूचे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला दाखवून आलं. 1950 साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. संजीवनीच्या वळणाचा खेळ सरकारमान्य ठरला आणि महाराष्ट्राचा हुतुतू, बंगालचा हाडुडू, दक्षिणेचं चेडुगुडु ही नावं एका 'कबड्डी'खाली गेली. हे व्हायलाच हवं होतं. ते झालं नसतं तर 1990च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली नसती. बुवा साळवींसारख्या माणसांनी यासाठी जन्म वेचला, त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ही लिखापढी सुरू झाली तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आमची पांढरी, आमच्या रेषा, आमची आरोळी त्या बैठकांत पोहोचायचं कारणच नव्हतं.

दुसरी मोठी लिखापढी आमच्या डोळ्यांदेखत झाली आणि ती टीव्हीनं केली. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. मॅट, दिवे, बूट. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'डू ऑर डाय'. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर जादा गुण. आणि चढाईला 30 सेकंद, पडद्याच्या कोपऱ्यात उलटे मोजलेले.

मी अडतो तो या 30 सेकंदांपाशी. हुतुतूत घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीत होतं. एका दमात जेवढा वेळ मिळेल तेवढाच त्याचा. दम लांब असलेला सडपातळ पोरगा धिप्पाड गड्यांच्या घोळक्यात उभा राहून त्यांना थकवत असे. पंच कान देऊन ऐकत. शब्द तुटला, मधे श्वास घेतला की संपलं. बघणारेही ऐकत, आणि आरोळी बारीक होत चालली की साऱ्या मैदानाचा श्वास रोखला जाई. दमाचा नियम आजही पुस्तकात आहे, आरोळी आजही देतात. पण टीव्हीसमोर बसलेला माणूस आकडे बघतो, आणि वाद्यांच्या गोंगाटात ती आरोळी त्याला ऐकू येत नाही. सगळ्यांना सारखा वेळ मिळाला, हे न्यायाचं झालं. मात्र ज्या एका गोष्टीमुळे हा खेळ जगातल्या कुठल्याच फुटबॉलसारखा नव्हता, ती बाजूला पडली.

खो-खोची तीच वाट आहे. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं आणि त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आमच्याच जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. त्या रात्री जिल्ह्यात जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. हा विश्वचषक जलद पद्धतीचा होता, नऊऐवजी सात गड्यांचा. कोणी तक्रार केली नाही, मीही करत नाही. झटपट खेळ असेल तरच तो पडद्यावर येतो, आणि पडद्यावर आला तरच केजच्या मुलीचं नाव देशाला कळतं, हे मला दिसतं. एवढंच म्हणणं आहे की नवा नियम आला म्हणून जुना नियम विसरायला नको होता. इंग्रज तो विसरले नाहीत. सातांची रग्बी 1883 साली स्कॉटलंडच्या मेलरोझ गावी क्लबासाठी पैसे जमवायला सुरू झाली, पण पंधरांची आणि तेरांची अजून जोरात चालू आहे, आणि तिन्ही बघणारे एकमेकांशी भांडत का होईना, तिन्ही ओळखतात.

आपल्याकडे गामिनी आणि अमर खेळलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी एका उन्हाळ्यात आपापल्या गावच्या जुन्या खेळाडूंना बसवून लिहून घ्यावं: गडी किती, रेषा कुठं, मेलेला केव्हा उठायचा, दम कोण ऐकायचं. जत्रेतल्या कबड्डी स्पर्धांत एक दिवस गामिनीचा ठेवावा, आणि त्याला मॅटवरच्या सामन्याइतकंच बक्षीस असावं. बक्षीस कमी ठेवलं तर पोरं ते म्हाताऱ्यांचं कौतुक समजतील, खेळ समजणार नाहीत.

त्या संध्याकाळी सामना संपल्यावर पोरांनी आबांना बाहेर ओढत नेलं. पाऊस नव्हताच. खडूच्या पुडीनं रेषा आखल्या, आबा दगडावर बसले आणि त्यांनी मोबाइल बंद ठेवायला सांगितले, वेळ लावायचा नाही म्हणून. पहिल्या पोराचा दम आठ-दहा पावलांतच तुटला. दुसऱ्याचाही. तिसरा, मघाशी मेस्सीसाठी भांडत होता तो, मधल्या रेषेवर थांबला, छाती भरून घेतली आणि "हु-तु-तु-तु" करत आत शिरला. आबांनी डोळे मिटले आणि कान त्याच्याकडे वळवला.