पावाच्या रांगेतून रणांगणाकडे

दुसरे महायुद्ध कोणामुळे झाले, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते : हिटलर. उत्तर चुकीचे नाही. पण त्याने एक प्रश्न तसाच उरतो. मे १९२८ च्या जर्मन निवडणुकीत या माणसाच्या पक्षाला शंभरातली तीन मतेसुद्धा मिळाली नव्हती. संसदेत त्याचे अवघे १२ सदस्य होते. चारच वर्षांनी, जुलै १९३२ मध्ये, त्याच पक्षाला ३७ टक्के मते आणि २३० जागा मिळाल्या. माणूस तोच होता, भाषणे तीच होती, द्वेषही तोच होता. मग बदलले काय?

बदलली होती ती लोकांच्या घरातली परिस्थिती. कोणाची नोकरी गेली होती, कोणाचे दुकान बुडाले होते, कोणाचे शेत लिलावात निघाले होते. महायुद्धाची सुरुवात शोधायची तर छावण्यांच्या आधी या घरांमध्ये डोकवावे लागते.

तहाच्या पोटातले भांडण

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. २८ जून १९१९ रोजी पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात, आरशांच्या दालनात, जर्मनीशी तह झाला. १८७१ मध्ये फ्रान्सला नमवून जर्मनांनी आपल्या साम्राज्याची द्वाही याच दालनात फिरवली होती. त्या वेळचा अपमान आता व्याजासह परत केला जात होता.

तहामुळे जर्मनीचा युरोपातील सुमारे १३ टक्के प्रदेश गेला, वसाहती गेल्या, सैन्यावर एक लाखाची मर्यादा आली. युद्धातील नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली गेली. १९२१ मध्ये भरपाईचा आकडाही ठरला : १३,२०० कोटी सुवर्ण मार्क.

फ्रान्सची बाजूही समजून घेतली पाहिजे. पश्चिम आघाडीवरची लढाई मुख्यतः फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर झाली होती. तिथल्या खाणी, कारखाने, शेते यांची राखरांगोळी झाली होती. शिवाय युद्धासाठी घेतलेले अमेरिकेचे कर्ज डोक्यावर होते. अमेरिका ते कर्ज सोडायला तयार नव्हती, म्हणून फ्रान्स जर्मनीला सोडायला तयार नव्हता.

तहाच्या वाटाघाटींत ब्रिटिश खजिन्याचा प्रतिनिधी म्हणून जॉन मेनार्ड केन्स हा तरुण अर्थशास्त्रज्ञ बसला होता. जर्मनीला कंगाल करून युरोप सुखी होणार नाही, असे त्याचे मत होते. कोणी ऐकेना, तेव्हा त्याने जून १९१९ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी या तहाच्या आर्थिक परिणामांवर पुस्तक लिहिले. पुस्तक खूप गाजले. तह मात्र बदलला नाही.

एक पाव, २० हजार कोटी मार्क

जर्मन सरकारचे हातही स्वच्छ नव्हते. युद्धाचा खर्च त्याने करांतून फारसा भागवलाच नव्हता. नऊ वेळा जनतेकडून युद्धकर्ज उभारले गेले. युद्ध जिंकू आणि हरलेल्यांकडून सारे वसूल करू, असा हिशेब होता. युद्ध हरल्यावर कर्ज तेवढे उरले. नोटा छापून वेळ मारून नेण्याची सवय युद्धकाळातच लागली होती.

जानेवारी १९२३ मध्ये भरपाईचे हप्ते थकल्याच्या कारणावरून फ्रान्स आणि बेल्जियमने रूर हा कोळशाचा आणि पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी संप पुकारला. सरकारने त्यांना पगार देण्याचे ठरवले आणि त्यासाठी पुन्हा छापखाने सुरू केले. १९१४ मध्ये एका डॉलरला चार मार्क आणि काही फेनिग पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. बर्लिनमध्ये एक पाव सुमारे २० हजार कोटी मार्कांना मिळत होता. पगार हातात पडताच लोक दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत त्या पैशाची किंमत उतरलेली असे.

या महापुरात सगळेच बुडाले नाहीत. ज्यांच्यावर कर्ज होते, त्यांचे कर्ज रद्दी कागदाने फिटले. मोठ्या कारखानदारांनी कर्ज काढून मालमत्ता घेतल्या. बुडाला तो काटकसरी मध्यमवर्ग : निवृत्त शिक्षक, विधवा, लहान व्यापारी, सरकारवर विश्वास ठेवून युद्धकर्ज रोखे घेतलेली कुटुंबे. आयुष्यभराच्या पुंजीत पावाचा तुकडाही येईना.

याच नोव्हेंबरात हिटलरने म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला. तो फसला आणि हिटलर तुरुंगात गेला. नवे चलन आले, घडी बसली. म्हणूनच महागाईने हिटलर आणला, हे सर्रास केले जाणारे विधान नीट तपासावे लागते. महागाईनंतर पाच वर्षांनीही जर्मन जनता त्याच्यामागे गेलेली नव्हती. महागाईने लोकांचा शासनावरचा विश्वास पोखरला होता, एवढे मात्र खरे.

उसन्या पैशाचे चाक

१९२४ नंतर एक चमत्कारिक चाक फिरू लागले. अमेरिकन बँका जर्मनीला कर्ज देत. त्यातून जर्मनी ब्रिटन आणि फ्रान्सला भरपाईचे हप्ते देई. आणि ते दोघे त्यातून अमेरिकेचे युद्धकर्ज फेडत. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर असा हा व्यवहार होता. तो चालू होता तोवर जर्मनीत कारखाने चालले, घरे बांधली गेली, लोक चित्रपटांना गेले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. अमेरिकन बँकांनी हात आखडता घेतला, जुनी कर्जे परत मागितली. चाक थांबले. जून १९३० मध्ये अमेरिकेने परदेशी मालावर भरमसाट जकात बसवली. इतर देशांनीही आपापली दारे लावून घेतली. ब्रिटनने १९३२ मध्ये साम्राज्यातल्या देशांना सवलत आणि बाहेरच्यांना जकात असे धोरण स्वीकारले. प्रत्येक जण आपले घर वाचवू पाहत होता आणि त्यात सगळ्यांचाच बाजार बसत होता. १९२९ ते १९३३ या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन तृतीयांशांनी घटले.

जर्मनीत १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख लोक बेकार होते. त्याआधीच, मार्च १९३० मध्ये, तिथले आघाडी सरकार कोसळले होते, तेही बेकारी विम्याची वर्गणी वाढवायची की नाही या वादावरून. नंतर आलेल्या चॅन्सलर ब्रुनिंगने पगार कापले, कर वाढवले, मदत कमी केली. पुन्हा नोटा छापल्या तर १९२३ परत येईल, ही भीती सगळ्यांच्याच मनात होती. जुन्या दुखण्याच्या धास्तीने नव्या रोग्याला उपाशी ठेवण्यासारखे ते झाले. संसदेत बहुमत जमेना, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालू लागला. लोकशाही हिटलर येण्यापूर्वीच आजारी पडली होती.

अशा वेळी लोकांना दोन गोष्टी हव्या असतात : आशा आणि दोषी. हिटलरने दोन्ही दिल्या. पराभव, महागाई, मंदी, सगळ्याचे खापर त्याने ज्यूंवर, कम्युनिस्टांवर आणि व्हर्सायवर सही करणाऱ्यांवर फोडले. प्रत्यक्ष बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले. नाझींच्या पेट्या भरल्या त्या विशेषतः शेतकरी, दुकानदार, कारकून यांनी, म्हणजे उद्या आपणही त्या रांगेत उभे राहू, या भीतीने रात्र रात्र जागणाऱ्यांनी.

बंद दाराआडचा सौदा

इथवर अर्थकारण झाले. पुढची गोष्ट राजकारणाची आहे, आणि ती जास्त चटका लावणारी आहे.

जुलै १९३२ मध्ये लोझान येथील परिषदेत भरपाईचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींची सुमारे २० लाख मते घटली. टक्केवारी ३३ वर आली. लाट ओसरू लागली होती. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. बहुमत त्याच्याकडे नव्हते. ८५ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्याभोवतीच्या मंडळींनी, मुख्यतः माजी चॅन्सलर फॉन पापेनने, त्याला खुर्चीवर बसवले. मंत्रिमंडळात हिटलरखेरीज दोनच नाझी होते. लोक हिटलरचे आणि सत्ता आपली, असा पापेनचा हिशेब होता. दोन महिन्यांत संसदेने आपले अधिकार हिटलरच्या हाती सोपवले. वाघावर बसणारे वाघाच्या पोटात गेले.

पुढे बेकारी झपाट्याने घटली, याचे गोडवे आजही कोणी कोणी गातात. त्यामागचा हिशेब मात्र सांगत नाहीत. ज्यूंना नोकऱ्यांतून हाकलले गेले. १९३५ मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. मध्यवर्ती बँकेचा प्रमुख शाख्त याने एका नावापुरत्या कंपनीच्या नावे हुंड्या काढून शस्त्रांचा खर्च लपवला. तोफा आणि विमाने खायला घालत नाहीत. त्यांनी घेतलेले कर्ज फेडायला दुसऱ्याचे घर लुटावे लागते. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेचे सोने बर्लिनला आले. खर्चाला आवर घाला, असा इशारा देणाऱ्या शाख्तला जानेवारी १९३९ मध्ये पदावरून जावे लागले. मार्चमध्ये प्राग पडले आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला.

दरम्यान ब्रिटन आणि फ्रान्स काय करत होते? १९१९ मध्ये ज्यांनी दुबळ्या लोकशाही जर्मनीला सवलत दिली नाही, त्यांनी १९३८ मध्ये म्युनिकला सशस्त्र हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला. औदार्य दाखवायचे तेव्हा ताठरपणा आणि ताठ उभे राहायचे तेव्हा औदार्य, अशी ही उलटी रीत होती.

पूर्वेकडची आग

आशियातही मंदीनेच सरपण रचले. जपानी शेतकऱ्यांची अनेक कुटुंबे रेशमाच्या किड्यांवर जगत आणि ते रेशीम मुख्यतः अमेरिकेत खपे. मंदीत मागणी आणि भाव कोसळले, खेड्यांत उपासमार झाली. बाजार मिळत नसेल तर प्रदेश घेऊ, असे म्हणणाऱ्या सेनाधिकाऱ्यांचे वजन वाढले. सप्टेंबर १९३१ मध्ये मांचुरिया, १९३७ मध्ये उरलेला चीन. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येई. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ते तोडले. चीनमधून माघार घेणे हा एक मार्ग होता. जपानच्या राज्यकर्त्यांनी दुसरा निवडला आणि डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. दोन खंडांतल्या आगी एक झाल्या.

कुलाबा जिल्ह्यातले दोघे

या साऱ्याशी भारताचा संबंध काय होता? भारताला कोणी विचारलेही नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी परस्पर भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. पुढे सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात गेले. १९४३ मध्ये बंगालमध्ये युद्धखर्चाने भडकलेली महागाई, ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ आणि सरकारची बेपर्वाई यांनी लाखो माणसांचा घास घेतला.

जुलै १९४४ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली दोन माणसे या युद्धाच्या दोन टोकांना उभी होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर इटलीत होते. १० जुलै रोजी सोबतचे जवान पडल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, ती जागा जिंकली आणि तिथेच प्राण ठेवला. वय २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बर्लिनच्या बेकारांच्या रांगा लागल्या, तेव्हा ते माणगाव तालुक्यात शाळकरी वयाचे पोर होते.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली होती. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारताच्या शिष्टमंडळात होते. मागास देशांच्या विकासाचा आणि ब्रिटनकडे अडकलेल्या भारताच्या पौंडांचा प्रश्न या शिष्टमंडळाने मांडला. ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख होते केन्स. व्हर्सायमध्ये न ऐकलेला माणूस पंचवीस वर्षांनी पुन्हा त्याच कामाला बसला होता : युद्ध संपल्यावर देशादेशांतले देणेघेणे असे कसे ठेवायचे, की त्यातून पुढचे युद्ध निघणार नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म याच परिषदेतला.

हे शहाणपण फार महाग पडले. तोवर सहा कोटींहून अधिक माणसे गेली किंवा जायच्या वाटेवर होती. त्यांत साठ लाख ज्यू ठरवून मारलेले. या वेळी मात्र हरलेल्याला वेगळी वागणूक मिळाली. १९४८ पासून अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला मदत दिली, त्यात पश्चिम जर्मनीही होती. १९५३ मध्ये लंडनच्या कराराने जर्मनीचे जुने-नवे कर्ज सुमारे निम्म्याने कमी केले. व्हर्सायच्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता केला. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात मात्र १९४५ नंतर एकही गोळी सुटली नाही.

मंदी अनेक देशांत आली, सगळेच हिटलरकडे गेले नाहीत. अमेरिकेत त्याच १९३३ साली रुझवेल्ट सत्तेवर आले आणि बेकारांना काम देणाऱ्या योजना सुरू झाल्या. भूक आणि भीती सरपण रचतात. काडी ओढायची की नाही, हे माणसे ठरवतात. म्हणून एखाद्या देशातली बेकारी, बंद होणारे बाजार आणि सगळ्याचे खापर शेजाऱ्यावर फोडणारी भाषणे या बातम्या अर्थकारणाच्या पानावर सोडून देण्यासारख्या नसतात. पळसगावच्या घरात गेलेली तार त्याच बातम्यांतून निघाली होती.