गोटे आणि गोंगाट

चवथीच्या तोंडावर घर सोडून कुठे जाऊ नये, असे आमच्याकडे म्हणतात. तरी एका वर्षी मी गेलो. माझी मावसबहीण सौंसरला दिलेली आहे आणि पोळ्याला ये म्हणून तिचे कित्येक वर्षांचे बोलावणे होते. आईची बोलणी खाल्ली, चवथीच्या आदल्या दिवशी घरात हजर होतो असे कबूल केले आणि नागपूरची गाडी पकडली.

सौंसर आणि पांढुर्णा हे मध्य प्रदेशातले तालुके, पण घराघरांत मराठी बोलतात. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा भाग पलीकडे राहिला. मी गेलो तेव्हा दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये ते काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्री, कापूस, बैलांवर जीव टाकणारी माणसे. पोळ्याचा थाट काय सांगावा!

त्या रात्री गच्चीवर भाच्याने इअरफोनचे एक टोक माझ्या कानात घातले. हा तेव्हा नागपूरला इंजिनीअरिंगला होता. "मामा, हे ऐका." मी ऐकले. गिटार म्हणजे पत्र्यावर कोसळणारा पाऊस, ड्रम म्हणजे बाजूच्या खोलीत कोणी कपाट ढकलते आहे, आणि मधूनच कोणीतरी ओरडते.

"रेकॉर्डिंग बिघडलेय काय रे?"

"नाही मामा. तसंच आहे ते."

ती मेहेम या नॉर्वेच्या बँडची १९८६ सालची डेमो कॅसेट होती. डेमो म्हणजे कंपनीचे पाठबळ नसताना पोरांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले कच्चे ध्वनिमुद्रण. हाताने प्रती काढायच्या, टपालाने एकमेकांना पाठवायच्या. 'ब्लॅक मेटल' हे नाव व्हेनम या इंग्लंडच्या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आले, पण त्याला आजचा अंधार चढवला तो नॉर्वेच्या पोरांनी. आणि गंमत अशी की पुढे चांगले स्टुडिओ परवडू लागले तरी काहींनी हा खरखरीतपणा सोडला नाही. डार्कथ्रोनने १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. बर्झमच्या 'फिलोसोफेम'साठी तर त्या कलाकाराने मुद्दाम सर्वांत वाईट माईक मागून घेतला होता. आवाज घासूनपुसून स्वच्छ केला की त्यातली भीती जाते, असे या मंडळींचे म्हणणे.

मला ते संगीत आवडले असे म्हणणार नाही. पण अंगावर काटा आला, हे खरे.

तेवढ्यात बहीण वर आली. "बघ, असली भुताखेतांची गाणी ऐकत बसतो. तू तरी सांग त्याला काहीतरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बहिणीने उरलेल्या पुरणपोळ्या डब्यात भरून दिल्या आणि भावोजी आम्हा सगळ्यांना, अगदी लहान पोरांसकट, पांढुर्ण्याला गोटमार बघायला घेऊन गेले.

गोटमार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. मग दोन्ही काठांवरून दगडांचा मारा सुरू होतो, आणि त्या माऱ्यातून जाऊन जो झाड तोडून झेंडा आणेल तो गाव जिंकला. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघेही पाण्यातच मेली. त्यांच्या आठवणीत आज गोटे. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासून दहाहून अधिक माणसे यात मेली आहेत. जमावबंदीचा आदेश निघतो, पोलीस येतात, रुग्णवाहिका रांगेत उभ्या राहतात, आणि गोटे चालूच.

आम्ही एका ओळखीच्यांच्या गच्चीवर होतो. ढोल वाजत होते. एका पोराचे कपाळ फुटलेले मी पाहिले. विशीचा असेल. दोघांनी त्याला उचलून नेले आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. मी भावोजींकडे बघितले तर ते म्हणाले, "काही होत नाही जी. परंपरा हाय आपली."

भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, आणि माझी गाणी भुतांची!"

मला उत्तर सुचले नाही.

परतीच्या वाटेवर त्यानेच सांगितले की नागपुरात याच दिवशी मारबत असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. राक्षसिणीसारखे अक्राळविक्राळ पुतळे, सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींच्या प्रतिमा. रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून लोक घसा फुटेस्तोवर ओरडतात आणि शेवटी ते सारे जाळून टाकतात. पांढुर्ण्यापासून नागपूर शंभरेक किलोमीटर. तोच दिवस, तीच मराठी माणसे, मनातला अंधारही तोच. एकीकडे तो आवाजात आणि कागदा-बांबूत उतरतो, दुसरीकडे माणसाच्या कपाळावर.

आता कोणी म्हणेल, तुमच्या त्या नॉर्वेच्या पोरांनी काय दिवे लावले? खरे आहे. ६ जून १९९२ रोजी तिथे फान्टॉफ्टचे लाकडी चर्च जाळले गेले, त्यापाठोपाठ आणखीही जळली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेमच्या गिटारवादकाचा खून झाला, आणि तो करणारा होता बर्झमचाच तो कलाकार. १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. मी याचे समर्थन करत नाही. मला त्यातून एवढेच दिसते की जोवर अंधार कॅसेटमध्ये होता तोवर ती कला होती. तो काडेपेटीत आणि चाकूत उतरला तेव्हा निव्वळ गुन्हा उरला. आपल्याकडेही या वाटेचे संगीत आहे. मुंबईत २००० साली डेमॉनिक रेझरेक्शन उभा राहिला, त्यात ब्लॅक मेटलचा रंग आहे. नावात दैत्य, पण पोरे वाजवतात आणि घरी जातात.

पांढुर्ण्यात प्रशासनाने मागे दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले. लोकांनी ते बाजूला टाकून पुन्हा दगडच उचलले. याचा राग येतो, पण मला कारणही कळते. रबरी चेंडू म्हणजे स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेली डेमो. त्यात थरार नाही. लोकांना भीती हवी असते, तीही कच्ची. तेव्हा पर्याय द्यायचा तर तो गोट्यांइतकाच उग्र हवा, आणि तो वरून कलेक्टरने देऊन चालणार नाही, काठावरच्या पोरांनीच रचला पाहिजे. पळस राहू दे, झेंडा राहू दे, ढोल दुप्पट होऊ देत. दोन्ही काठांनी एकमेकांवर रात्रभर ओरडावे, हवे तर पुतळे जाळावेत. मारबत इतकी वर्षे टिकली ती सभ्य आहे म्हणून थोडीच? ती भयंकर आहे, म्हणून टिकली.

आपण गोंयकारांनी यात शहाणपणा मिरवण्याचे कारण नाही. नरकासुराच्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांवर काय चालते? पोरे महिनाभर खपून दैत्य उभा करतात, कानठळ्या बसवणारा गोंगाट करतात आणि पहाटे त्याला जाळतात. त्या आवाजाविरुद्ध मीही तक्रार केली आहे. पण गोटमार पाहिल्यापासून मी जरा सोसतो. कानात कापूस घालता येतो, फुटलेल्या कपाळाला टाके घालावे लागतात, आणि मेलेला पोर काही परत येत नाही.

निघताना बहिणीला म्हटले, "त्याला ऐकू दे ग. ती गाणी ऐकून कोणाचे डोके फुटत नाही. उद्याच्या पोळ्याला मात्र त्याला नदीवर पाठवू नकोस." ती रागावली. माहेरचा माणूस येऊन सासरच्या परंपरेला नावे ठेवतो, हे तिला लागले असावे.

असो. अजूनही दर वर्षी, माटोळीचे सामान आणायला बाजारात निघण्याआधी मी तिला एक फोन करतो. बाकी सगळे नंतर विचारतो. आधी विचारतो, पोर घरी आहे ना?